मेंढरांची गंगा

‘ह्याच्यात आपलं गाव दिसतंय का वो, गुरुजी?’

हा आवाज सोनूबाईंचा. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सोनूबाई. मला खोक्यातून बाहेर काढलं तेव्हा या गावातला हाच आवाज पहिल्यांदा माझ्या कानी आला. हळदीचं बोट काचेला लागू नये म्हणून त्यांनी हात पदराला पुसले होते, आणि तरीही लांबूनच वाकून बघत होत्या. काकासाहेब गुरुजी म्हणाले, ‘बाई, ह्याच्यात सगळं जग दिसतं. गाव कशाला बघायचं ह्याच्यात, ते तर दाराबाहेर हाये.’ सगळे हसले, सोनूबाईही हसल्या. मी नवा होतो. मला वाटलं, हे माझं कौतुकच चाललंय.

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. तीर्थपुरीपासून पायी तासाभराच्या अंतरावर एक दोन खोल्यांची शाळा आहे, तिथल्या लोखंडी कपाटात वरून दुसऱ्या फळीवर माझा मुक्काम असतो. माझ्या एका बाजूला वजनकाटा, दुसऱ्या बाजूला उंदरांनी कडा खाल्लेला जगाचा नकाशा. माझ्या काचेला उजव्या कोपऱ्यातून एक तडा गेलाय, कपाशीच्या वाळल्या काडीसारखा, फांद्या फुटलेला. पोट थोडं फुगलंय, म्हणून पाठीचं झाकण बसत नाही. ते रबर लावून बसवलेलं आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाही. पांढरे हातमोजे घातलेले पुष्कळ हात आठवतात, त्यांतला एकही माझ्याकडे बघून बोलला नाही. म्हणून माझा खरा जन्म मी या गावातलाच धरतो. त्या दिवशी शाळेच्या दाराला आंब्याचं तोरण होतं. मला खुर्चीवर बसवून कुंकू लावलं, माझ्यासमोर नारळ फोडला आणि त्याचं पाणी नेमकं माझ्याच अंगावर उडालं. गुरुजींनी घाईघाईनं मला बनियनच्या टोकानं पुसलं. देवालासुद्धा इतक्या काळजीनं कुणी पुसत नसेल.

पहिली काही वर्षं सोन्याची गेली. माझ्यात गाणी होती, पाढे होते, सिंहाची डरकाळी होती. डरकाळी लावली की पहिलीतली पोरं दाराकडे पळायची आणि दारातून परत यायची, पुन्हा ऐकायला. भुईमुगाच्या शेंगा खाऊन आलेली बोटं, चिंच चोखलेली बोटं, नाक पुसलेली बोटं, सगळी मी अंगावर झेलली. शाळा बंद पडल्या त्या साथीच्या दिवसांत गुरुजी मला पिशवीत घालून घरोघर हिंडले. कुणाच्या ओट्यावर, कुणाच्या गोठ्यात मी शाळा भरवली.

मग पोरांच्या घरोघर फोन आले आणि माझी ओढ ओसरली. शाळेत रेंज नाही, माझ्यातलं जे आहे ते सगळ्यांनी शंभरदा पाहिलेलं. एकदा हातातून निसटून फरशीवर पडलो, तडा गेला आणि कपाटात गेलो. कपाटाचं दार लावताना होणारा करकर आवाज, एवढंच गाणं पुढे माझ्या वाट्याला आलं.

तिथून मला बाहेर काढलं ज्योत्स्ना मॅडमनी.

त्या अजून पुऱ्या मॅडम झाल्या नव्हत्या. शिक्षक व्हायचं शिक्षण घेत होत्या. कॉलेजनं दिवाळीनंतर त्यांना चार महिने आमच्या शाळेत शिकवायला पाठवलं होतं. गाव जाफराबादकडचं, कधी कधी तिकडची बोली तोंडून निसटायची. वय एकवीस-बावीस, पाठीवर बॅग, आणि बोलताना समोरच्याचं सगळं ऐकून घेण्याची सवय. त्यांनी मला पुसलं, रबर लावलं, दोन दिवस चार्जिंगला ठेवलं. मी उजळलो तेव्हा त्या खुदकन हसल्या. म्हाताऱ्याला कुणी नावानं हाक मारावी, तसं मला वाटलं.

कॉलेजचा त्यांना एक नियम होता. रोज शाळा सुटली की त्या दिवशी काय शिकवलं, आपण काय शिकलो, हे चार ओळींत लिहायचं. त्याला ‘चिंतन’ म्हणायचं. ते त्या माझ्यातच टाइप करायच्या. त्यामुळे मॅडमच्या मनातलं मला आधी कळायचं, कागदाला नंतर. एक तुम्हांला सांगून ठेवतो. माणसं जे लिहितात ते तर आम्ही वाचतोच. जे लिहून खोडतात तेही आमच्यावरूनच जातं.

त्या वर्षी चौथीत रेणुका नावाची मुलगी होती. तिचे वडील सुग्रीव मेंढरं घेऊन हिंडायचे. दिवाळी झाली की कळप गंगथडीला उतरायचा. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. कपाशी मोडलेल्या रानात शेतकरी मेंढरं बसवून घेतात; मेंढरांच्या लेंड्यांनी रान खताचं होतं, मेंढपाळाला ज्वारी मिळते. आजवर रेणुका दरसाल कळपामागं जायची, शाळा अर्धी सुटायची. या वर्षी तिची आजी साखराबाई हट्टाला पेटली होती. पोरगी माझ्यापाशी राहील, शाळा शिकंल. सुग्रीवनं एवढंच म्हटलं होतं की संक्रांतीपर्यंत बघू. मन रमलं तर राहू दे, न्हाई तर मी घेऊन जातो.

एका दिवशी मॅडमनी मुलांना विचारलं, तुम्ही कुठं कुठं फिरलात? कुणी मामाच्या गावाला, कुणी जांब समर्थला रामाच्या देवळात, कुणी जालन्याला लग्नाला. रेणुका उठली, खडू घेतला आणि फरशीवर बसून रेघ ओढायला लागली. रेघ बाकांच्या मधून, दारापर्यंत गेली. हे आपलं गाव. हिथं पहिला मुक्काम. हितल्या हिरीचं पाणी मचूळ हाये, मेंढरं पित न्हाईत. हितला मालक चांगला, पोरास्नी हुरडा देतो. हिथं लांडगा आल्ता. असे अकरा मुक्काम, आणि शेवटी एक रुंद पट्टा, खडू आडवा धरून काढलेला. ही गंगा, म्हणाली.

मॅडम तिच्या मागोमाग उकिडव्या चालत गेल्या होत्या. साडीला खडू लागला होता. त्या दिवशीच्या चिंतनात त्यांनी लिहिलं : ‘आपण मुलांना नकाशा वाचायला शिकवतो. आज एका मुलीनं पायांनी पाठ केलेला नकाशा मला वाचून दाखवला. पुस्तकात न मावणारं हे शिक्षण वर्गात कसं आणावं?’ त्यातलं एक अक्षरही त्यांनी खोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी साखराबाई स्वतःच शाळेत आल्या, नातीनं काय केलं ते बघायला. मॅडमनी माझ्यापुढे बसवून त्यांना ओवी म्हणायला लावली. आधी लाजल्या, ‘ह्या पाटीफुडं काय म्हनू, बाई’ म्हणाल्या, मग डोळे मिटून सुरू झाल्या :

*गंगाबाईचं गं पाणी, नाही निळं, नाही गोरं*
*त्याच्या मातीच्या रंगात, माझं वाढलं लेकरू*

आवाज चिरका होता, पण वर्गात कुणी हललं नाही. मी ती ओवी पोटात साठवली. माझ्या पोटातली ती एकच गोष्ट होती, जी बाहेरून आणलेली नव्हती.

मित्रांनो, इथपर्यंतचं सांगताना मला बरं वाटलं. पुढचं सांगताना जीभ जड होते. मला जीभ नाही, तरी होते.

मार्गशीर्षात कॉलेजचे प्राध्यापक मॅडमचा पाठ बघायला येणार होते. पाठ ठरला नद्यांचा. पाठात तंत्रज्ञान वापरलं तर त्याचे गुण वेगळे, म्हणजे मी हवाच. आदल्या दिवशी मॅडम मला घेऊन तीर्थपुरीला गेल्या. स्टँडसमोर रेंज येते. एका हातात मी, दुसऱ्या हातात बॅग, समोर एसटी चालू होऊन उभी. त्यांनी आधी गोदावरीच शोधली. माझ्या काचेवरचं चाक फिरत राहिलं. सापडली ती चित्रफीत लांबलचक, माझ्या म्हाताऱ्या पोटात मावेना. कंडक्टरनं हाक दिली. मग त्यांनी नुसतं ‘नदी’ असं लिहिलं आणि जे पहिलं, लहान, लवकर उतरणारं मिळालं ते घेतलं. हिरवेगार उंच डोंगर, काचेसारखं निळं पाणी, काठाला पांढरे गोटे. खाली कुठल्याशा परक्या मुलखाचं नाव होतं. ते मी दाखवलं. मला जेवढं मोठं दाखवता येतं तेवढं दाखवलं. मॅडमनी ते वाचलं, त्यांचा अंगठा क्षणभर थांबला, आणि एसटी सुटायची दुसरी घंटी झाली.

दुसऱ्या दिवशी प्राध्यापक मागच्या बाकावर बसले. मला खुर्चीवर पुस्तकांच्या थप्पीला टेकवलं होतं, चौदा पोरं दाटीवाटीनं पुढे. मॅडमनी बोट लावलं आणि म्हणाल्या, मुलांनो, ही आपली गोदावरी.

पोरांनी ‘हाऽऽ’ केलं. मला त्या वेळी विझता आलं असतं तर मी विझलो असतो. एरवी कशाही वेळी बंद पडणारा मी त्या दिवशी एकदाही अडखळलो नाही.

रेणुका उभी राहिली. ‘मॅडम, ही गंगा न्हाई. गंगंला असले डोंगर न्हाईत. पाणी बी असं निळं नसतंय. आमी मेंढरं पाजायला नेतो की तिथं.’

प्राध्यापकांचं पेन थांबलं. मॅडमनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

‘रेणुका, खाली बस,’ त्या म्हणाल्या. ‘टॅबमध्ये दाखवतात ते खोटं असतं का?’

शेजारची मीना लगेच म्हणाली, ‘मॅडम, मेंढरांची गंगा येगळी असंल.’

सगळा वर्ग हसला. मागच्या बाकावरचे साहेबही मान खाली घालून हसले. रेणुका बसली. तिनं परकराच्या टोकाला बोटं गुंडाळली आणि घंटा होईपर्यंत ती सोडवली नाहीत. जाताना प्राध्यापकांनी शेरा लिहिला : तंत्रज्ञानाचा उत्तम वापर.

त्या दुपारी मॅडम चिंतन लिहायला बसल्या. पहिली ओळ अशी होती : ‘रेणुका म्हणाली तेच खरं. ती नदी गोदावरी नाही, हे मला माहीत’. इथं बोट थांबलं. मग ते उलटं चालायला लागलं. ‘माहीत’ गेलं, ‘मला’ गेलं, एकेक करून रेणुकाचं नावही गेलं. त्या जागी त्यांनी लिहिलं : ‘विद्यार्थ्यांनी चित्रफीत आवडीने पाहिली. एका विद्यार्थिनीच्या मनातील गोंधळ दूर केला.’ मी दोन्ही पाहिलं. दुसरं तेवढं ठेवलं. माझ्या हाती एवढंच असतं.

पुढचे काही दिवस रेणुकाला काहीही विचारलं, पाढा विचारा, वार विचारा, ती एकच बोलायची. ‘मला काय म्हाईत.’ दुसरी पोरं मला शिवायला झोंबायची, ती लांबून जायची. मधल्या सुट्टीत पोरी तिला ‘मेंढरांची गंगा’ म्हणायच्या, आणि ती ऐकून न ऐकल्यासारखी खिचडी खायची. साखराबाई विचारायला आल्या, पोरगी घरात बी बोलंना, शाळेत काय झालं का? मॅडम म्हणाल्या, विशेष काही नाही. असं म्हणताना त्यांनी मला छातीशी धरलं होतं. आत काय धडधडत होतं ते मी ऐकलं. पण असलं ऐकू आलेलं बाहेर सांगायची सोय माझ्यात कुणी केलेली नाही.

संक्रांतीला अजून पंधरा दिवस होते, आणि सुग्रीव आले. खांद्यावर घोंगडं, पायात धुळीनं पांढरी झालेली वहाण. दारातच उभे राहिले.

‘मॅडम, पोरगी म्हनती मला काईच येत न्हाई. मंग हितं बसवून काय करू? मेंढरामागं तरी तिला समदं येतंय.’

मॅडमनी तोंड उघडलं. आत्ता बोलतील, असं मला वाटलं. पण गुरुजी तिथंच उभे होते, हजेरी घेऊन. बाहेरगावी जाणाऱ्या मुलांना शाळा एक कार्ड देते, जिथं जाल तिथल्या शाळेत मूल बसवता यावं म्हणून. मॅडमनी ते कार्ड भरलं आणि सुग्रीवच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटं-सुलटं बघून बंडीच्या खिशात ठेवलं. रेणुकानं दप्तर मागोमाग आलेल्या आजीकडे दिलं, चपला काढून हातात घेतल्या आणि बापाच्या मागं चालू लागली. वळून बघितलं नाही.

त्या दिवशी चिंतनात काहीच लिहिलं गेलं नाही. पान उघडं होतं, त्यात उभी रेघ तेवढी लुकलुकत होती.

मग मॅडमनी एकच धोशा लावला, मुलांना गोदावरी दाखवायला शहागडला न्यायचं. गुरुजी म्हणाले, बाई, नदी टॅबात आहे ना, मग पाण्याकाठी पोरं नेण्याची जबाबदारी कुणी घ्यायची? त्यांचंही खोटं नव्हतं. मॅडम घरोघर जाऊन पालकांच्या सह्या घेऊन आल्या. तरी गुरुजी अडून बसले. शेवटी साखराबाई शाळेत आल्या. ‘गुरुजी, गंगा काय लेकरं गिळायला बसली का? मी येते संगं. एकाला बी गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ दिलं तर माझं नाव बदला.’ सोनूबाईंनीही जेवणाचा डबा करून देते म्हणून सांगितलं. गुरुजींनी डोकं खाजवलं आणि तालुक्याला अर्ज केला.

मंजुरी आली तोवर संक्रांत होऊन गेली होती. गुरुजी, साखराबाई, पोरं, एसटीनं आम्ही निघालो. मी मॅडमच्या पिशवीत, भाकरीच्या फडक्याला लागून. अहवालाला फोटो हवे होते म्हणून मला घेतलं होतं. आधी जांब समर्थला रामाच्या पाया पडलो, मग शहागड. आदल्या रात्री गावात वीज नव्हती, त्यामुळे माझं चार्जिंग निम्म्याहून खाली होतं, आणि म्हातारपणी निम्मं म्हणजे थोडंच.

मित्रांनो, पुढची गोष्ट माझ्यापाशी अर्धीच आहे. त्या दिवसानंतर मी पुन्हा कपाटात गेलो, मॅडमचे चार महिने संपले, रेणुका शाळेत परत आली की नाही हे मला दिसलं नाही. कपाटाच्या दाराला फट आहे, तिच्यातून फक्त चपलांच्या जागा दिसतात. रोज मोजतो, कळत नाही.

मला जपा, पुसून ठेवा, असं गाऱ्हाणं माझ्यासारखे सगळेच घालतात. मीही घातलं असतं. पण माझ्यापेक्षा आधी जपायची गोष्ट दुसरी आहे. मी दाखवतो ते मी पाहिलेलं नसतं. मला जे भरवतात ते मी ओकतो. तुमच्या वर्गात कुणी पायांनी चालून काही बघून आलं असेल आणि उभं राहून सांगत असेल, तर त्या वेळी मला पालथं घाला. माझ्या काचेला काही होत नाही. त्या लेकराला होतं.

आता राहिलेलं सांगतो.

नदीकाठी पिशवीतून मला बाहेर काढलं तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. लांब पुलावरून ट्रक जात होते. पाणी संथ, मातकट, मधे वाळूची बेटं, कडेला हिरवं शेवाळ. पलीकडच्या मोडलेल्या कपाशीत सुग्रीवचा कळप बसला होता. मालकाचं रान कोणतं ते साखराबाईंना ठाऊकच होतं. आजीला बघून रेणुका धावत आली. हातात काठी, अंगावर बापाचं घोंगडं. पोरांना बघून ती जरा अलीकडेच थांबली. सुग्रीवही मागून सावकाश आले.

मला आता उड्या, दंगा, हाका ऐकायच्या होत्या. पण पोरं काठावरच थबकली. एकमेकांकडे बघत होती.

मीना म्हणाली, ‘मॅडम, आपुन चुकून दुसरीकडंच आलो. ही गोदावरी न्हाई. गोदावरी निळी असती.’

दुसरं कुणी म्हणालं, डोंगर कुठं हायेत? तिसरं म्हणालं, टॅबातली चांगली होती. एकानं तर माझ्याकडे बोट करून सांगितलं, मॅडम, लावा की, ह्यांना दाखवू खरी गोदावरी कशी असते. तेरा पोरं नदीच्या काठावर उभी राहून नदीला नाही म्हणत होती. माझ्या काचेवर लाल खूण पेटली होती, दोन टक्के उरले होते, आणि ते दोन टक्केसुद्धा खोट्याच्या कामी येतील की काय या भीतीनं मी थिजलो.

मीना रेणुकाकडे वळली. या वेळी तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तिला खरंच कळून घ्यायचं होतं. ‘तू सांग गं, ही कोनची नदी?’

रेणुका काठीच्या टोकानं वाळू उकरत राहिली. ‘मला काय म्हाईत. मॅडमला इचारा.’

सगळे मॅडमकडे बघायला लागले. गुरुजी, साखराबाई, सुग्रीव, पोरं. गुरुजींनीच त्यांना वाट काढून दिली. म्हणाले, ‘तो टॅब जुना झालाय रे, चुकीचं काही तरी दाखवलं असंल त्यानं.’ मॅडमनी फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. मी काहीच बोललो नसतो, हे त्यांनाही ठाऊक होतं.

त्यांनी मला हातातून काढून साखराबाईंकडे दिलं. पुढे गेल्या, रेणुकासमोर वाळूत उकिडव्या बसल्या. माझा उजेड मंद होत चालला होता, मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. आवाज बारीक होता, पण वारा आमच्या दिशेनं होता.

‘टॅब नाही चुकला, गुरुजी. त्याच्यात नदीचं नाव लिहिलेलं होतं, ते मी वाचलं होतं. ती गोदावरी नाही हे माहीत असून मी तिला गोदावरी म्हणाले, साहेब मागं बसले होते म्हणून. रेणुका, तू बराबर बोलत होतीस. मी भ्याले, अन् तुला खाली बसवलं. तुझी गंगा तर मी आज पहिल्यांदा बघून राहिले.’